‘अ’ म्हणजे आखूड ‘आ’ नव्हे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून मुंबईत मराठी शिकण्या-शिकवण्याचा विषय सतत कानावर पडतो. ऑफिसांमध्ये संध्याकाळचे वर्ग भरतात, बदली होऊन आलेली मंडळी लोकलमध्ये फोनवर शब्द घोकत असतात, आणि रस्ता दाखवणारा फोनमधला आवाजही आता मराठीत बोलतो. मी असाच एक वर्ग घेते. ळ अवघड जाईल, ण अवघड जाईल असं सगळे धरून चालतात. ते जातंच, पण सरावाने जमतं. हटून बसतो तो अ. वडाळ्याचं ‘वाडाला’ होतं, परळचं ‘पारेल’ होतं, कळव्याचा तर थेट ‘कालवा’ होतो. आपण सांगतो, “वाडाला नाही हो, वडाळा.” समोरचा माणूस मान डोलावतो आणि मन लावून पुन्हा ‘वाडाला’ म्हणतो. जिभेचं नेमकं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

या स्वराला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. व्यंजनाच्या पोटात तो गुपचूप बसलेला असतो, म्हणून त्याच्याकडे आपलंही लक्ष जात नाही. तो तोंडात तयार कसा होतो ते एकदा नीट पाहू.

गळ्यात फक्त आवाज होतो

कंठमण्यावर दोन बोटं ठेवा आणि ‘आ’ म्हणा. बोटांना थरथर जाणवेल. तिथे आत स्वरतंतू असतात, म्हणजे हवेच्या वाटेवरचे दोन मऊ पदर. फुप्फुसांतली हवा त्यांना ढकलून उघडते, ते मिटतात, पुन्हा उघडतात. पुरुषाच्या गळ्यात हे सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा होतं, बाईच्या गळ्यात २०० च्या आसपास, लहान मुलाच्या गळ्यात ३०० किंवा त्याहून जास्त. जितकी उघडझाप जास्त, तितका आवाज चढा. गाणारी व्यक्ती ‘सा’ लावते तेव्हा हीच गती सांभाळत असते.

आता एकच सूर धरून आ, ई, ऊ असं ओळीने म्हणा. बोटांखालची थरथर बदलत नाही, कानाला मात्र तीन वेगळे स्वर ऐकू येतात. मग कुजबुजत म्हणा. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, सूर उरतच नाही, तरीही आ, ई, ऊ स्पष्ट वेगळे कळतात. म्हणजे गळा आवाज पुरवतो. त्या आवाजाचा आ करायचा की ई, हे वरती, घसा आणि तोंड मिळून ठरतं.

व्यंजनांचं तसं सोपं असतं. प म्हणताना ओठ मिटतात, त म्हणताना जीभ दाताला टेकते, आणि ‘इथे टेकव’ असं शिकवता येतं. स्वर म्हणजे हवा कुठेही न अडता, न घासता बाहेर पडणारा ध्वनी. त्याला काहीच कुठे टेकत नाही, त्यामुळे बोट ठेवून दाखवायला जागाच नसते.

कळशी भरत आली हे न बघता कसं कळतं?

सकाळी पाणी आलं की नळाखाली कळशी लावून माणूस चहा टाकायला आत जातो. कळशी भरत आली की आतूनच कळतं, कारण तिचा आवाज चढत चढत बारीक झालेला असतो. धार तर तीच असते. बदललेली असते ती कळशीतली पाण्यावरची रिकामी जागा. पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात जाडे-बारीक अनेक ध्वनी मिसळलेले असतात. रिकाम्या जागेतली हवा त्यांतल्या तिला जुळणाऱ्या ध्वनींना उचलून धरते आणि बाकीचे दबून जातात. जागा मोठी असते तेव्हा जाडा आवाज उचलला जातो, ती आखूड होत गेली की बारीक. याला अनुनाद म्हणतात.

बोलताना स्वरतंतू धारेचं काम करतात. त्यांच्या आवाजातही एकच सूर नसतो. मूळ कंपनं सेकंदाला १०० असतील तर २००, ३००, ४०० अशी पटीतली कंपनंही सोबत निघतात. (सेकंदाला किती कंपनं, हे हर्ट्झमध्ये मोजतात.) आणि कळशीच्या जागी असते स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी. पुरुषात ती सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते, बाईची दोन-तीन सेंटिमीटरने कमी. जबडा, जीभ आणि ओठ हलवून आपण या पोकळीचा आकार बदलतो, आणि आकाराप्रमाणे वेगवेगळे ध्वनी उचलले जातात. ही उचल जिथे जिथे जास्त असते, त्या ठिकाणांना फॉर्मंट म्हणतात. स्वर ओळखायला कानाला मुख्यतः पहिले दोन फॉर्मंट पुरतात.

हे कोडं जुनं आहे. स्वर एकमेकांपासून वेगळे कशामुळे होतात ते सांगा आणि तसे काढून दाखवणारं यंत्र बनवा, असं आव्हान सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने दिलं होतं. १७७९ मध्ये क्रात्सेनश्टाइन या शास्त्रज्ञाने पाच वेगवेगळ्या आकारांच्या नळ्या करून युरोपीय लिपीतले पाच स्वर वाजवून दाखवले आणि बक्षीस मिळवलं. त्या पाचांत आपला अ नव्हता. पुढे १९६० मध्ये स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी गळ्याचा आवाज वेगळा आणि पोकळीचा परिणाम वेगळा धरून साऱ्याचं गणित पक्कं केलं. आजही ध्वनिशास्त्राचा विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतो.

मग अ म्हणताना जीभ कुठे असते?

आधी बाकीचे बघू. आ म्हणताना जबडा खाली येतो, जीभ तळाला बसून मागे सरकते. तोंडातली जागा मोठी होते, घशातली अरुंद होते. पुरुषाच्या आवाजात पहिला फॉर्मंट ७०० हर्ट्झच्या वर जातो, दुसरा ११०० च्या जवळ राहतो. ई म्हणताना जीभ पुढे आणि वर चढून टाळूशी जेमतेम फट ठेवते. पहिला फॉर्मंट ३०० पर्यंत उतरतो, दुसरा २२०० च्या पुढे जातो. ऊ म्हणताना जीभ मागून वर उचलली जाते, ओठ गोल होतात आणि दोन्ही फॉर्मंट खाली येतात.

अ म्हणताना यातलं काहीच घडत नाही. जीभ तोंडाच्या मधोमध सैल पडलेली असते, ओठ गोल नसतात की ताणलेले नसतात, जबडा थोडासा उघडा असतो. घशापासून ओठांपर्यंत जवळपास सारख्याच रुंदीची नळी तयार होते. तिचं एक टोक स्वरतंतूंपाशी बंद, दुसरं ओठांपाशी उघडं. एका टोकाला बंद असलेल्या नळीचं गणित बारावीच्या भौतिकशास्त्रात असतं, तेच इथे लागू पडतं. ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरा, नळीची लांबी साडेसतरा सेंटिमीटर. लांबीच्या चौपटीने, म्हणजे ०.७ मीटरने, वेगाला भागा. उत्तर येतं ५०० हर्ट्झ. पुढचे दोन अनुनाद त्याच्या तिप्पट आणि पाचपट, म्हणजे १५०० आणि २५००. माणसाच्या तोंडून निघणाऱ्या अ चं मोजमाप घेतलं तर ते याच आकड्यांच्या आसपास येतं. वहीत चार ओळींत मांडलेलं गणित आपल्या रोजच्या बोलण्याशी इतकं जुळावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

अर्थात बोलण्याच्या ओघात जीभ दरवेळी बरोबर मध्यावर थांबत नाही. अ ला स्वतःचा ओढा कमी, त्यामुळे शेजारची व्यंजनं त्याला आपल्याकडे खेचतात. ‘यश’ म्हणताना य पाठोपाठचा अ थोडा पुढे सरकतो, ‘वर’ म्हणताना व साठी जवळ आलेल्या ओठांची छटा अ वर चढते. पण तो आ कडे जात नाही.

“ऱ्हस्व तो अ, दीर्घ तो आ. एवढाच तर फरक आहे ना?”

वर्गात हा प्रश्न हमखास येतो आणि तो मराठी माणसांकडूनच जास्त येतो, कारण शाळेत तसंच शिकवलेलं असतं. स्वतःच करून बघा. ‘घर’ म्हणा आणि घ मधला अ हवा तेवढा लांबवा: घऽऽऽर. कितीही ताणलं तरी त्याची ‘घार’ होत नाही. आता ‘घार’ भरभर म्हणा, जेवढं आखूड म्हणता येईल तेवढं. पक्षीच राहतो, घर होत नाही. फरक वेळेचा असता तर एकाचं दुसऱ्यात रूपांतर झालं असतं.

आणखी एक पुरावा आपल्या वह्यांत आहे. मराठी माणसाच्या शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर असतात, पण त्या सगळ्या इ-ई आणि उ-ऊ च्या. बोलताना या जोड्यांत जिभेची जागा जवळजवळ तीच राहते, म्हणून कानाला फरक लागत नाही आणि हात चुकतो. ‘कळ’ लिहायचं तिथे ‘काळ’ मात्र कुणी लिहीत नाही. पहिलीतलं मूलसुद्धा काना कुठे द्यायचा हे ऐकून ठरवतं.

तिसरा पुरावा ‘घरं’. केलं, माझं, कसं, घरं या शब्दांवरचं टिंब आज बहुतेकांच्या तोंडी नाकातून येत नाही. शेवटचा अ म्हणायचा आहे आणि जरा लांबवून म्हणायचा आहे, एवढंच ते सांगतं. घर, घरं, घरा हे तीन शब्द ओळीने म्हणा. मधल्यात लांबवलेला अ आहे आणि तो तिसऱ्यातल्या आ पासून अगदी वेगळा आहे. दीर्घ अ मराठीत रोज बोलला जातो, फक्त वर्णमालेत त्याला घर दिलेलं नाही.

आपल्याकडे हा फरक चोवीस-पंचवीसशे वर्षांपूर्वी ओळखला गेला होता. नियम सुटसुटीत व्हावेत म्हणून पाणिनीने व्याकरणभर अ ला आ चा ऱ्हस्व जोडीदार धरलं, म्हणजे दोन्ही विवृत, तोंड उघडून म्हणायचे. अष्टाध्यायी या त्याच्या ग्रंथाचं अगदी शेवटचं सूत्र मात्र फक्त दोन अक्षरांचं आहे: ‘अ अ’. त्याचा अर्थ असा की आतापर्यंत सोयीसाठी विवृत मानलेला अ प्रत्यक्ष बोलण्यात संवृत, म्हणजे मिटता आहे. हजारो सूत्रं रचून झाल्यावर या माणसाने अखेरची नोंद या एका स्वराच्या खऱ्या उच्चाराची केली. मला ते सूत्र वाचताना दरवेळी भरून येतं.

“पण अ तर कंठ्य वर्ण आहे. जिभेचा संबंध कुठे आला?”

संस्कृत शिकलेल्यांना ‘अकुहविसर्जनीयानां कण्ठः’ (अ, क-वर्ग, ह आणि विसर्ग यांचं स्थान कंठ) पाठ असतं, त्यामुळे ही शंका रास्त आहे. अ म्हणताना तोंडात कुठेच ठळक हालचाल जाणवत नाही. जाणवते ती गळ्यातली थरथर, म्हणून त्याचं स्थान कंठ सांगितलं गेलं असावं. अनुभव म्हणून ते पटतं. पण गळ्यातली थरथर ई आणि ऊ मध्येही तितकीच असते. अ वेगळा ठरतो तो जीभ मध्यावर सैल राहते म्हणून. विवृत-संवृत हा तपशील त्याच परंपरेने नोंदवला होता, आपल्या शालेय पुस्तकांत तो मागे पडला.

“प्रत्येकाचं तोंड वेगळं, मग सगळ्यांचा अ एकच कसा?”

आकडे सगळ्यांचे सारखे येतच नाहीत. लहान मुलाची पोकळी आखूड असते, त्यामुळे त्याचे फॉर्मंट पुरुषापेक्षा बरेच वर असतात. कान एकेकटा आकडा ऐकत नाही. बोलणाऱ्याच्या बाकीच्या स्वरांच्या मानाने हा स्वर कुठे पडतो ते तो पाहतो, आणि एक-दोन वाक्यांतच आपण नव्या आवाजाला सरावतो.

दातांत पेन धरून बोला. जबडा अडकलेला असतानाही जीभ लगेच आपली ठेवण बदलते आणि बऱ्यापैकी बरोबर स्वर काढते. जिभेला अमुक एका जागी जायचं नसतं, अमुक एक आवाज काढायचा असतो. म्हणूनच ज्यांना जन्मापासून ऐकू येत नाही त्यांना अ शिकवणं फार कष्टाचं काम आहे. आ ला तोंड उघडलेलं दिसतं, ऊ ला ओठ गोल दिसतात, अ ची मात्र ओठांवर काही खूणच उमटत नाही. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाणी आणि श्रवण संस्था १९८३ पासून आहे. अशा ठिकाणी वाचा-उपचारतज्ज्ञ आरसा, स्पर्श आणि पडद्यावरचे आलेख वापरून जे करवून घेतात, ते पाहिलं की आपण किती सहज बोलतो याची जाणीव होते.

घर, घॉर आणि सोफा

अ सगळ्या भाषांत नसतो. आ सारखा स्वर जवळपास प्रत्येक भाषेत सापडतो, पण स्पॅनिश आणि जपानीत पाच-पाच स्वर असूनही हा मधला नाही. बंगालीत ‘घर’ हाच शब्द आहे, बंगाली लिपीतही तो घ आणि र नेच लिहितात, पण व्यंजनाच्या पोटातला स्वर तिथे ऑ च्या जवळचा, ओठ गोल करून म्हटलेला: ‘घॉर’. तमिळ आणि मल्याळममधला अ थोडा आ कडे झुकतो. गुजराती आणि हिंदी भाषकांचा अ मात्र आपल्यासारखाच, त्यांना शिकवावा लागत नाही.

इंग्रजीत हा सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर आहे, फक्त तो नेहमी जोर नसलेल्या जागी येतो. ध्वनिशास्त्रात त्याला ‘श्वा’ म्हणतात, हा शब्द हिब्रू लिपीतल्या एका खुणेवरून आला. ‘सोफा’ आणि ‘कॅमेरा’ म्हणताना इंग्रज माणूस शेवटी अ म्हणतो आणि आपण आ म्हणतो. इतका वारंवार येऊनही त्या लिपीत याला स्वतःचं अक्षर नाही, आणि त्याचा परिणाम मुंबईतल्या पाट्यांवर दिसतो. वडाळ्यातल्या व चा अ इंग्रजीत ‘ए’ ने लिहिलाय, वरळीतला ‘ओ’ ने, भायखळ्यातल्या ख चा ‘यू’ ने. परळमध्ये तर प चा अ ‘ए’ ने आणि र चा अ ‘ई’ ने, एकाच शब्दात एकाच स्वराची दोन रूपं. त्यात ‘ए’ हेच अक्षर आ साठीही वापरलं जातं. इंग्रजी पाटी वाचून मराठी नाव उच्चारणारा माणूस चुकतो त्यात त्याचा दोष थोडाच आहे.

लिहिलेला, पण न म्हटलेला अ

देवनागरीची बाजू इथे भक्कम आहे, पण तिच्यातही एक खाच आहे. ‘घाटकोपर’ घ्या. ट, प, र या तीन अक्षरांत लिपीप्रमाणे अ आहे. बोलताना फक्त प चा उरतो: घाट्-को-पर्. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ सहसा गळतो. मधलाही पुष्कळदा गळतो, विशेषतः पुढे दुसरा स्वर भक्कम उभा असेल तर: मुलगा म्हणजे मुल्गा, खिडकी म्हणजे खिड्की, डोंबिवली म्हणजे डोंबिव्ली. जोडाक्षरानंतर मात्र तो थोडासा राहतो, ‘पत्र’ आणि ‘चंद्र’ म्हणून बघा.

“म्हणत नाही तर लिहायचा कशाला, पाय मोडून टाका,” असं काही जण सुचवतात. पण तो अ मेलेला नसतो. ‘कमळ’ मध्ये म चा अ ठणठणीत ऐकू येतो आणि ‘कमळाला’ म्हटलं की तोच नाहीसा होतो. पाय मोडायचे ठरवले तर एकाच शब्दाचं लेखन प्रत्येक विभक्तीत बदलावं लागेल. शिवाय अक्षरगणवृत्तात ‘घर’ ची आजही दोन अक्षरं मोजतात.

शिकवताना काय करायचं

‘नीट म्हणा’ सोडून जागा सांगायची. वर्गातल्या एका बंगाली ताईंना मी आरसा दिला. घ उच्चारण्याआधीच त्यांचे ओठ पुढे येत होते, हे त्यांनी स्वतः पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यांवर दोन बोटं हलकेच टेकवून, ओठ न हलवता त्यांनी पुन्हा म्हटलं आणि स्वच्छ ‘घर’ बाहेर पडलं. मग कर, दर, मन, पण. व चे शब्द शेवटी घेतले, कारण व स्वतःच ओठांना कामाला लावतो. केरळच्या एका दादांची गोष्ट वेगळी, त्यांचा जबडा जास्त उघडत होता. हनुवटीखाली बोट ठेवून ती खाली जाऊ द्यायची नाही, एवढ्याने काम झालं. इंग्रजीतून विचार करणाऱ्यांना मी ‘बस’ म्हणायला लावते. त्यातला स्वर जोराचा असला, श्वा नसला, तरी आपल्या अ च्या अगदी जवळचा आहे आणि तो त्यांच्या तोंडात आधीच बसलेला असतो.

आणि नावं बोलून दाखवणाऱ्या यंत्रांचं काय? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत यंत्राकडून भारतीय भाषा बोलून घेण्याचं काम गेल्या शतकातच सुरू झालं होतं, त्यामुळे या प्रश्नाची ओळख जुनी आहे. यंत्राला नाव इंग्रजी अक्षरांत दिलं तर अ आणि आ त्याच्यासाठी आधीच एकत्र मिसळलेले असतात. तेच नाव देवनागरीत दिलं की ते वेगळे होऊन मिळतात, आणि कुठला अ गाळायचा एवढाच प्रश्न उरतो. त्यासाठी शब्दाचा सांधा माहीत असावा लागतो. घाटकोपर म्हणजे घाट आणि कोपर हे कळलं तर ट चा अ बरोबर गळतो. जनगणना म्हणजे जन आणि गणना हे कळलं तर न चा. फोनवरच्या बऱ्याच नकाशांत नावाची दुरुस्ती सुचवायची सोय असते. तिथे आपल्या गल्लीचं, चौकाचं, बस थांब्याचं नाव देवनागरीत भरायला दोन मिनिटं लागतात.